डिस्क ब्रेकच्या रोड बाइकसाठी चाकं : पैसे नेमके कशाचे द्यायचे?

आजचा प्रश्न सरळ आहे. डिस्क ब्रेकच्या रोड बाइकला नवी चाकं घ्यायचीत, बजेट बेताचं आहे, तर काय बघायचं?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. ज्या चाकाचा स्पोक तुमच्या गावातला मेकॅनिक बदलू शकतो आणि ज्याचा आउट काढू शकतो, ते चाक परवडतं. वजनाचं नंतर बघू.

असं का? हिशेब करू. तुम्ही, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून ८० किलो धरा. महागड्या चाकांनी ३०० ग्रॅम वाचवले, म्हणजे अर्धा टक्काही नाही. ४० मिनिटांच्या घाटात वाचतील साधारण ९ सेकंद. 'पण फिरणारं वजन जास्त जाणवतं ना?' जाणवतं, पण वेग वाढवताना. एकसारख्या वेगाने चढताना ते ३०० ग्रॅम चाकात असोत की बाटलीत, सारखेच जड.

आता डिस्कची गंमत बघा. इथे ब्रेकपॅड रिमला घासत नाहीत, त्यामुळे साधी अ‍ॅल्युमिनियमची रिमसुद्धा खूप टिकते. पण ब्रेकचा जोर हबपासून स्पोकमधून रिमपर्यंत जातो. म्हणून पुढच्या चाकातही स्पोक क्रॉस केलेले लागतात आणि फार कमी स्पोक चालत नाहीत. आपल्या खड्ड्यांसाठी मी २४ च्या खाली जात नाही. वजन ९० किलोच्या आसपास असेल तर २८ घ्या. आणि शक्यतो साधे, गोल, जे-बेंड स्पोक. खास आकाराचा एक स्पोक तुटला, तर तो मिळेपर्यंत सायकल भिंतीला टेकून उभी!

ऑर्डर देण्याआधी चार गोष्टी जुळवा. आम्ही इंजिनिअर मंडळी याला कंपॅटिबिलिटी म्हणतो.

१. अ‍ॅक्सल : आजच्या बहुतेक बाइकना १२ मिमी थ्रू-अ‍ॅक्सल असतो, हबची रुंदी पुढे १०० आणि मागे १४२ मिमी. जुन्या डिस्क बाइकमध्ये क्विक रिलीज सापडतो, तेव्हा मोजून बघा.

२. रोटर : सेंटरलॉक की सहा बोल्ट? सेंटरलॉक हबवर अ‍ॅडॉप्टर लावून सहा बोल्टचा रोटर बसतो. उलटं जमत नाही.

३. फ्रीहब : शिमानोचे १२-स्पीड रोड कॅसेट ११-स्पीडच्या फ्रीहबवर बसतात. स्रॅमच्या बहुतेक १२-स्पीड रोड कॅसेटना एक्सडीआर लागतो.

४. रिमची आतली रुंदी : २८ ते ३२ च्या टायरसाठी १९ ते २३ मिमी छान.

स्वस्त कार्बन चाकांचा मोह झाला, तर रिम हुकलेस आहे का ते आधी वाचा. हुकलेस रिमला हवेची मर्यादा ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय. टायरही हुकलेसला चालणारंच हवं. जुन्या सवयीने १०० पीएसआय भरलात, तर टायर रिमवरून सुटू शकतं. उतारावर असं झालं तर काय होईल, ते मी सांगायला नको.

पैसे उरलेच, तर चांगल्या टायरवर घाला. रस्त्याला टेकतं ते टायर. तिथे घातलेला रुपया पहिल्याच राइडला कळतो.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर चाकाचा आउट तपासा!