लॅपटॉप भंगारात देण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा

मानवतमध्ये आपल्या ओळखीच्या अनेक घरांत लॅपटॉप एकच असतो. दिवसा त्यावर अब्बांच्या दुकानाचा हिशेब चालतो, रात्री मुलीचा सीईटीचा अभ्यास. चार जीबी रॅम, त्यावर विंडोज १०, आणि सुरू व्हायला चहा होऊन थंड होईल एवढा वेळ. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल. अब्बा म्हणतात, माझ्या हिशेबाला हात लावायचा नाही. दोघांचंही बरोबर आहे.

त्यात मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतो, तो जुन्या मशीनमध्ये नसतो. म्हणून नवा लॅपटॉप घ्यायचा? थोडं थांबा.

लॅपटॉप सुरू होताना आधी पाहतो की ऑपरेटिंग सिस्टिम कुठून उचलायची. एरवी तो आतल्या डिस्ककडे जातो. पण पेन ड्राइव्हवर लिनक्स भरून ती लावली, तर तो तिथूनही सुरू होतो. आतली विंडोज झोपलेलीच राहते. पेन ड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केलं की सगळं पहिल्यासारखं. लिनक्सचं नाव परकं वाटेल, पण आपल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी तेच आहे. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते सुरू केलं. केरळच्या सरकारी शाळांत मुलं त्यावरच शिकतात, आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स काढलं आहे.

चार जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. दोनच जीबी असेल तर पपी लिनक्स, ते फार लहान आहे. मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास भरते. रोजच्या दीड-दोन जीबी डेटात ती एका दिवसात उतरत नाही. टॉरेंटने घेतली तर आज तुटली तिथून उद्या पुढे सुरू होते. शिवाय एकाने उतरवली की मोहल्ल्यातल्या दहा घरांना कॉपी देता येते. ही चोरी नाही. वाटण्याची परवानगी लायसन्समध्येच दिलेली आहे, कुणाचा हक्क मारला जात नाही. बाजारातली क्रॅक केलेली विंडोज वापरताना मनाला जी टोचणी लागते, ती इथे नाही.

फाइल पेन ड्राइव्हवर नुसती टाकून चालत नाही. रुफस नावाच्या मोफत प्रोग्रॅमने ती लिहावी लागते, आणि त्यात पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. आमच्याकडून घाईत वलीम्याचे फोटो असलेली पेन ड्राइव्ह लावली गेली होती. ते फोटो परत मिळाले नाहीत. तेव्हा आठ जीबीची का होईना, नवी किंवा रिकामीच घ्या.

मग लॅपटॉप बंद करून सुरू करताना एफ१२ दाबत राहा. एचपीमध्ये एफ९, असुसमध्ये एस्केप. यादी आली की पेन ड्राइव्ह निवडा. काही वेळा सिक्युअर बूट बंद करावं लागतं. पण त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर चालू आहे का ते बघा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की वहीत उतरवून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी विंडोज ती मागेल आणि अब्बांचा हिशेब आतच अडकेल.

मिंट उघडलं की पडद्यावर 'इन्स्टॉल'चं चित्र दिसेल. त्याला हात लावू नका. धोका काय तो तिथेच आहे. बाकी फायरफॉक्स, लिब्रेऑफिस लगेच चालतात. वायफाय दिसलं नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी आणि उर्दू दोन्ही जोडता येतात, आणि उर्दूसाठी नोटो नस्तालिक फॉन्ट फुकट आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांना हे फार उपयोगी. टॅली आणि श्रीलिपी मात्र विंडोजवरच राहू द्या.

एक गोष्ट बरेच जण विसरतात: अशा पेन ड्राइव्हवर लिहिलेलं लॅपटॉप बंद होताच जातं. ते टिकवायचं तर रुफसमध्ये 'पर्सिस्टंट' नावाची पट्टी आधीच सरकवून जागा राखा. त्यासाठी १६ किंवा ३२ जीबीची पेन ड्राइव्ह बरी. ती निळ्या पोर्टमध्ये लावा, तो वेगवान असतो. चालू असताना उपसू नका. बॅटरी मेलेली असेल तर लाइट गेली की राखलेला भागही खराब होऊ शकतो, म्हणून नोट्सची एक प्रत फोनवर घेत जा.

आठ-दहा दिवस असं वापरून बघा. मुलीला जमलं आणि लिनक्स आतल्या डिस्कवर टाकावंसं वाटलं, तर आधी हिशेबाची प्रत दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढा, ती दुसऱ्या लॅपटॉपवर उघडते का ते अब्बांना दाखवा, आणि मगच ते 'इन्स्टॉल'चं चित्र दाबा.