लाटेवरची पहिली फळी

लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभ्याने किनाऱ्याकडे यायचे, या खेळाला सर्फिंग म्हणतात. हा श्रीमंतांचा परदेशी शौक, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. पण चेन्नईजवळील कोवलम व महाबलीपुरम येथील कोळ्यांची मुले आज या खेळात देशात आघाडीवर आहेत. २०२१ साली टोकियोत हा खेळ प्रथमच ऑलिंपिकमध्ये आला. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळ यांनी भारताला कांस्यपदक मिळवून दिले. तेव्हा किनाऱ्यावर राबणाऱ्या घरांतली मुलेही उद्या फळी मागतील. त्या वेळी कष्टाचा पैसा वाया जाऊ नये, म्हणून हे चार शब्द.

आधी आमची चूक सांगतो. आम्ही दोघे भाऊ गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर एका हॉटेलात कामाला होतो. सुटीत भाड्याच्या मऊ फळीवर शिकलो. फुटलेल्या लाटेच्या फेसात उभे राहता येऊ लागले आणि वाटले, जमले! दोन महिन्यांची बचत घालून गावी परतणाऱ्या एका पर्यटकाची ६ फुटी, टोकदार, चकचकीत फळी घेतली. मोठे खेळाडू अशीच वापरतात, एवढाच आमचा हिशेब. पावसाळा आला तरी आम्ही तिच्यावर एकदाही धड उभे राहिलो नव्हतो. शिकवणाऱ्या दादांनी ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "अरे, ही तुम्हाला उचलणारच नाही!"

कारण साधे आहे. फळीचे आकारमान जितके जास्त, तितकी ती माणसाला तोलते. म्हणूनच ते लिटरमध्ये सांगतात. आमची फळी २७ लिटरची आणि आमची वजने ६० किलोच्या वर. अशी फळी माणसाखाली बुडते, हाताने वल्हवून वेग येत नाही, आणि वेग नसला की लाट खालून निघून जाते. लाटच मिळाली नाही, तर शिकणार कशावर?

फेसात उभे राहता येते, पण न फुटलेली लाट अजून पकडता येत नाही, अशा शिकाऊ माणसाने ७ ते ८ फूट लांब, २१-२२ इंच रुंद, गोल तोंडाची फळी घ्यावी. ६० किलोच्या माणसाला ५० लिटरच्या आसपासची बरी. वजन जास्त असेल तर फळीही मोठी हवी. वरून मऊ असलेली फळी अंगावर आदळली तरी मार कमी लागतो. कडक फळ्यांत इपॉक्सीची हलकी व टिकाऊ असते. पण तिलाही तडा गेला की आत पाणी शिरते. तडा बुजवल्याशिवाय ती पाण्यात नेऊ नये.

जुनी फळी घेण्यात कमीपणा नाही, फक्त नीट तपासावी. वरचा थर अंगठ्याने दाबावा. पोकळ वा पिचपिचीत लागला तर तो आतून सुटला आहे असे समजावे. आडवी घडी पडलेली फळी केव्हा मोडेल सांगता येत नाही. आकाराच्या मानाने जड वाटली तर ती पाणी प्यालेली असते. खालचे पंख व पायाच्या दोरीची खोबण हलवून पाहावी. दोरी फळीइतकीच लांब असावी आणि तिच्यावर पैसे वाचवू नयेत. मात्र दोरी तुटू शकते. म्हणून पोहता येत असेल तरच पाण्यात उतरावे.

लांब फळीची लाज वाटणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. हा खेळ वाढला हवाई बेटांवर. तिथे 'ओलो' नावाच्या १५-१६ फुटी फळ्या फक्त सरदारांसाठी राखीव असत. सामान्यांनी आखूड फळ्यांवर भागवायचे. काही ठिकाणच्या चांगल्या लाटाही सरदारांच्याच! १८१९ साली ती निर्बंधांची व्यवस्था मोडली. एके काळी जी लांबी सामान्य माणसाला नाकारली होती, तिला आज आपणच नवशिक्यांची म्हणून नाक मुरडतो.

आम्ही ती ६ फुटी फळी तोट्यात विकली आणि दोन ठिगळे लावलेली साडेसात फुटी जुनी फळी घेतली. पहिल्याच आठवड्यात धाकट्याने न फुटलेली लाट पकडली आणि तो थेट वाळूपर्यंत आला. ती ठिगळे कुणाच्या नजरेतही भरली नाहीत.