रिलेच्या पोटातला हेन्री

एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: आर्डुइनोच्या पिनवर एलईडी पेटतो, मग पाच व्होल्टचा रिले तिथेच का जोडायचा नाही? आणि ट्रान्झिस्टर लावल्यावर पुन्हा डायोड कशाला?

पहिल्याचं उत्तर एका भागाकारात आहे. नेहमीच्या छोट्या रिलेच्या कॉइलचा रोध ७० ओहम, म्हणजे ५ व्होल्टला सुमारे ७१ मिलीअँपिअर. पिनकडून २० घ्यावेत. ४० ही तिची शेवटची मर्यादा. म्हणून कॉइलचा प्रवाह ट्रान्झिस्टरमधून न्यायचा आणि पिनने फक्त बेस चालवायचा. मध्ये १ किलोओहमचा रोध घातला की बेसला ४ मिलीअँपिअरहून थोडा जास्त प्रवाह मिळतो. डेटाशीटमध्ये शंभरपट प्रवर्धन पाहून मुलं बेसला पाऊण मिलीअँपिअरवर भागवतात, ते टाळावं. ट्रान्झिस्टर पूर्ण चालू असला तर त्याच्यावर जेमतेम ०.२ व्होल्ट पडतात. अर्धवट चालू राहिला तर तोच तापतो आणि रिले ओढतही नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला, कारण तो जोसेफ हेन्री यांच्यापाशी नेतो. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या शाळेत शिकवताना त्यांना दिसलं, की लांब तारेची कॉइल बॅटरीपासून सोडवताना लखलखीत ठिणगी उडते. आखूड तारेला तसं होत नाही. १८३२ मध्ये त्यांनी हे छापलं. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा मान फॅरेडे यांचा, पण हे स्वयंप्रवर्तन आधी प्रसिद्ध केलं हेन्रींनी. कॉइलमधला प्रवाह उतारावरच्या भरल्या बैलगाडीसारखा असतो, जागच्या जागी थांबत नाही. ट्रान्झिस्टरने वाट बंद केली की कॉइल कलेक्टरवरचा दाब शंभर व्होल्टच्याही पुढे नेऊ शकते. २एन२२२२ए हा ट्रान्झिस्टर तर ४० व्होल्टसाठीच बनवलेला. कॉइलला समांतर, उलटा जोडलेला डायोड त्या प्रवाहाला फिरायला वाट देतो. फिरता फिरता तो विरतो. रिले सुटायला किंचित उशीर होतो, एवढंच.

आणि रिलेही हेन्रींचाच! १८३५ मध्ये प्रिन्स्टनला त्यांनी लांब तारेच्या टोकाशी असलेल्या लहान चुंबकाकडून दुसऱ्या, प्रचंड चुंबकाचं मंडल तोडून दाखवलं. त्याने उचललेली वजनं धाडकन खाली आली. छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह हाताळायचा, हीच ती कल्पना. पेटंट त्यांनी घेतलं नाही, आणि हीच कल्पना वापरणारं तारायंत्र म्हटलं की आजही फक्त मोर्स आठवतात. १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेने प्रवर्तकतेच्या एककाला ‘हेन्री’ नाव दिलं, पण शाळेच्या पुस्तकात माणूस मात्र आला नाही. तो यायला हवा.

डायोडची पट्टी असलेलं टोक पॉझिटिव्हकडे ठेवा. उलट बसवलात, तर ट्रान्झिस्टर चालू होताच पुरवठा थेट त्या दोघांतून धावेल.