आजोबांची फियाट रस्त्यावर आणण्याआधी

विजयादशमीच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात मेबॅक येते. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात जर्मनीहून आलेली ही गाडी सोनं लुटण्याच्या सोहळ्याला आजही स्वतःच्या चाकांवर येते आणि ती बघायला लहानथोर टाचा उंचावून उभे राहतात. मेबॅक कंपनी मूळची झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं करणारी. 1921 पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिनं मोटारी केल्या, त्याही सगळ्या मिळून दोन हजारांच्या आतच. अशा गाडीचे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत. तरीही ती चालते, हे सगळं शहर दरवर्षी डोळ्यांनी बघतं. पण घरच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली बसलेल्या आजोबांच्या फियाटचा विषय निघाला की तेच शहर म्हणतं, "राजवाड्याचं वेगळं हो, आपल्याला कुठं जमतंय?"

जमतं. आड येतात ते बहुतेक गैरसमज.

सगळ्यांत मोठा गैरसमज म्हणजे पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात घालावी लागते. दिल्ली परिसरातल्या वयोमर्यादेच्या बातम्या वाचून हा समज पसरला. महाराष्ट्रात खासगी मोटारीला अशी वयाची अट नाही. नोंदणीची पहिली मुदत 15 वर्षांची असते. नंतर गाडी आरटीओच्या तपासणीत उतरली की मुदत पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. मुदत कधीच संपून गेली असेल तर दंड, शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागतो. रक्कम टोचते, पण दार बंद नसतं.

खरी अडचण वेगळीच असते. गाडी अजून वारलेल्या माणसाच्याच नावावर असते. "घरातलीच तर गाडी, नाव बदलायची काय घाई?" या एका वाक्यानं दोन-दोन पिढ्या निघून जातात. कायद्याचं म्हणणं असं, की मालकाच्या मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवावं आणि तीन महिन्यांत नमुना 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यावी. उशीर झाला असेल तरी हे काम करावंच लागतं. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. चार भावंडांपैकी एक पुण्यात आणि एक परदेशात असेल, तर सह्या गोळा करण्यातच एखादा पावसाळा जातो. म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी सह्या घ्या. गाडी चकचकीत झाल्यावर भावंडांत वाटणीचा प्रश्न निघाला तर तो फार कडू होतो.

"पन्नास वर्षं झाली, आता आपली गाडी आपोआप विंटेज!" हेही खरं नाही. 2021 मध्ये केंद्र सरकारनं विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली आणि चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. त्यासाठी अर्ज करावा लागतो. जुना क्रमांक असेल तर तो राखता येतो. नव्यानं नोंदणी होत असेल तर क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात आणि शुल्क 20,000 रुपये आहे. पुनर्नोंदणीचं 5,000 रुपये. मुदत दहा वर्षांची. इथपर्यंत वाचून लोक खूश होतात आणि पुढची अट वाचत नाहीत: अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर पडू शकते. माझं मत स्पष्ट आहे. रविवारी घरच्यांना घेऊन जोतिबाला जायचं असेल, आजीला रंकाळ्यावर फिरवून आणायचं असेल, तर विंटेजच्या मोहात पडू नका. साध्या नोंदणीचंच नूतनीकरण करून घ्या.

आता गॅरेजकडे वळू. तिथला पहिला प्रश्न ठरलेला: "रंग कुठला द्यायचा?" रंग हे सर्वांत शेवटचं काम आहे. कोल्हापूरच्या पावसात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा खालून सडतो: पायाखालचा फ्लोअर, दाराखालच्या पट्ट्या, पाटे जिथं चॅसिसला धरलेले असतात ती जागा. वरून लांबी भरून रंग मारला की सगळं झाकलं जातं आणि आतला गंज वाढतच राहतो. एक साधी परीक्षा घरी करता येते. छोटं लोहचुंबक कापडात गुंडाळून बॉडीवरून फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं पत्र्यावर लांबीचा जाड थर आहे. सडलेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो, दुसरा मार्ग नाही. आणि मूळ रंग शाबूत असेल, फक्त फिका पडला असेल, तर तो खरवडून टाकण्याआधी दहा वेळा विचार करा. आजोबांच्या कोपरानं दाराच्या कडेला झिजलेला रंग दुसऱ्या कुठल्याही गाडीवर मिळणार नाही.

"बॅटरी जोडून सेल्फ मारून बघू, लागली तर लागली." या उत्साहात चांगली इंजिनं मोडली आहेत. दहा वर्षं न फिरलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात आणि तळाचं ऑइल घट्ट झालेलं असतं. आधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या. मग हँडलनं इंजिन सावकाश हातानं फिरवून बघा. ते मोकळं फिरलं तर जुनं ऑइल काढा, नवं भरा, पेट्रोलची टाकी उतरवून धुवा आणि मगच सेल्फला हात लावा.

इंजिन खरंच जाम निघालं तर? "पार्ट मिळत नाहीत" हे वाक्य कोल्हापुरात तरी कुणी उच्चारू नये. बाबूराव पेंटरांनी दामल्यांना सोबत घेऊन 1918 च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा ज्या गावात घडवला, ते हे गाव आहे. शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग होतं, क्रँक ग्राइंडिंग होतं, व्हॉल्व्हच्या सीट बसवून मिळतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या वाहन उद्योगासाठी ओतकाम करतात. पिस्टन करणारा कारखानाही शिरोलीत आहे. झिजलेलं बुश किंवा तुटलेला ब्रॅकेट नमुना म्हणून दिला, तर लेथवरचा चांगला टर्नर मोजमाप घेऊन तसाच दुसरा काढून देतो. फियाटवाल्यांचं काम तर आणखी सोपं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 तयार होत होती. 1974 पासून तीच पद्मिनी या नावानं निघू लागली. इंजिन तेच, 1089 सीसीचं. इतकी वर्षं एकाच घडणीची गाडी निघाल्यामुळे तिचे भाग अजून सापडतात. अवघड मिळतात त्या काचा, दिव्यांच्या कडा, क्रोमच्या पट्ट्या. म्हणून गाडी खोलताना जुनं काहीही फेकू देऊ नका. तुटकी पट्टीसुद्धा नमुना म्हणून लागते.

सध्या सर्वांत जास्त भीती इथेनॉलची आहे आणि ती आपल्या जिल्ह्यात जास्त विचारपूर्वक समजून घ्यायला हवी, कारण आपल्याच शिवारातला ऊस साखर कारखान्यांतून इथेनॉल होऊन गाडीच्या टाकीत येतो आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यानं इंजिनाची वाट लागते, असं सरसकट म्हणतात. पिस्टन, क्रँक, ब्लॉक यांना ते खात नाही. त्रास होतो तो जुन्या रबरी नळ्यांना, पेट्रोल पंपाच्या पडद्याला, बुचाच्या पॅकिंगला. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीची लोखंडी टाकी आतून गंजते. उपाय आटोक्यातले आहेत: इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या आणि पडदा, कार्ब्युरेटरचा जेट किंचित मोठा, आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवून न ठेवणं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून मायलेज सहा-सात टक्के घटणार, हे धरून चाला.

गाडी तयार झाल्यावर घरचे एक काम प्रेमानं चुकीचं करतात. रोज सकाळी पाच मिनिटं जागेवर इंजिन चालू ठेवतात. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. जळणातून तयार झालेली वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन राहते, आणि गंज आतूनच सुरू होतो. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणा. झाकायला प्लॅस्टिक नको, सुती कापड घाला.

ब्रेकबद्दल मात्र कुणाचाच काही समज नसतो, आणि मला तेच सगळ्यांत जास्त खुपतं. या पिढीच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकना तेल पुरवणारी यंत्रणा एकच असते. एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात. ब्रेक ऑइल पाणी शोषतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. नळ्या, सिलिंडरची रबरं, लायनिंग आणि ऑइल सगळं नवं घाला, पेडल कितीही घट्ट लागलं तरी. टायरचंही तसंच. नक्षी नवीकोरी दिसली तरी रबर वयानं मरतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1412 लिहिलं असेल तर तो टायर 2012 च्या चौदाव्या आठवड्यातला आहे. त्यावर मुलाबाळांना बसवू नका.

या सुट्टीत ताडपत्री काढायचं ठरवलंच असेल, तर पाना हातात घेण्याआधी आजोबांची ट्रंक उघडा आणि आरसी बुक शोधा. त्यातला चॅसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवर ठोकलेल्या क्रमांकांशी जुळवून बघा.