गावचा गुरांचा निवारा : दानातून उभारा, हिशेबानं चालवा



आपल्या शेती कार्यक्रमात भाकड आणि म्हाताऱ्या जनावरांविषयी अनेकदा बोलणं होतं. ऐकलेलं चार दिवसांत विसरायला होतं, आणि हा विषय तर आकड्यांचा आहे. म्हणून ही पत्रिका. घरात वाचा, चावडीवर वाचून दाखवा आणि मग गावात बसून विचार करा.

निवारा कशासाठी?

बैल थकला, गाय भाकड झाली, की घरात प्रश्न उभा राहतो. गाईची कत्तल राज्यात पूर्वीपासूनच बंद होती. १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्यातली दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये अमलात आली, तेव्हापासून बैल आणि वळूदेखील त्यात आले. बाजारात म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक राहिलं नाही. ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, त्यानं कामाचं जनावर पोसायचं की बिनकामाचं? मग रात्री कोणीतरी दावं सोडतं. ते जनावर कोणाच्या तरी हरभऱ्यात शिरतं, भांडण होतं, जनावर रस्त्यावर येतं, उकिरड्यावरचं प्लॅस्टिक खातं आणि शेवटी पोट फुगून मरतं.

यावर उपाय म्हणून अनेक गावांत हौसेनं निवारा निघतो. नारळ फुटतो, पत्रे चढतात, फोटो निघतात. पहिला उन्हाळा कसाबसा निभतो. दुसऱ्या उन्हाळ्यात चारा संपतो, वर्गणी आटते आणि तीसच्या तीस जनावरं एका दावणीला उपाशी उभी राहतात. सुटं जनावर निदान फिरून खातं, बांधलेलं काय करणार? तेव्हा ध्यानात ठेवा, निवारा काढणं सोपं आहे. खरी कसोटी चालवण्यात आहे.

जुनी शिकवण

हे काम आजचं नाही. मुंबईत भुलेश्वरला सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकारानं १८३४ मध्ये पांजरपोळ सुरू झाली. ती एकदाच मिळालेल्या मोठ्या देणगीवर अवलंबून राहिली नाही. कापूस, साखर अशा मालाच्या उलाढालीवर व्यापाऱ्यांनी थोडी थोडी लाग ठरवून दिली. रक्कम थोडी असली तरी ती नेमानं येत राहिली, म्हणून संस्था टिकली.

अलीकडचं उदाहरण माण तालुक्यातलं. म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं २०१२-१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१९ मध्ये गुरांची छावणी चालवली. दुष्काळात लोक हात सैल करतात, कारण संकट डोळ्यांपुढे असतं. कायमच्या निवाऱ्याला मात्र चांगल्या वर्षीही वर्गणी लागते, आणि तीच मिळवणं अवघड असतं.

आधी हिशेब मांडा

समजा, गावात वीस जनावरं ठेवायची आहेत. जनावराला त्याच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा अंश रोज लागतो. पावणेतीनशे ते तीनशे किलोच्या भाकड जनावराला ६ किलो कडबा आणि ८ किलो हिरवा चारा दिला की उदरनिर्वाह होतो. भाव आपल्या गावचा घाला. इथं नमुन्यासाठी कडबा किलोला ७ रुपये आणि हिरवा चारा अडीच रुपये धरला आहे.

एका जनावराचा दिवसाचा खर्च:
कडबा ६ किलो — ४२ रुपये
हिरवा चारा ८ किलो — २० रुपये
मीठ, खनिज मिश्रण, थोडी पेंड — ८ रुपये
एकूण — ७० रुपये

वीस जनावरांचे दिवसाला १,४०० रुपये, म्हणजे वर्षाला ५ लाख ११ हजार. एक गडी महिना १२ हजारांनी ठेवला तर १ लाख ४४ हजार. औषधपाणी, वीज, किरकोळ दुरुस्ती मिळून २४ हजार. सगळे मिळून वर्षाला ६ लाख ७९ हजार रुपये. एका जनावरामागे दिवसाला ९३ रुपये पडले. मे २०१९ मध्ये सरकारनं छावण्यांना मोठ्या जनावरामागे दिवसाला १०० रुपये दिले होते, हे आठवलं तर आपला अंदाज फार चुकलेला नाही हे कळेल.

तुम्ही म्हणाल, "एवढे पैसे गाव आणणार कुठून?" घाबरू नका. सगळं पैशातच द्यावं लागत नाही.

वस्तूचं दान मोठं

१. कडबा : वीस जनावरांना वर्षाला सुमारे ४४ टन कडबा लागतो. त्याची किंमत ३ लाखांवर जाते, म्हणजे जवळजवळ निम्मा खर्च. तो सुगीतच मागा. ज्वारी निघाली की खळ्यावर जा. तेव्हा शेतकऱ्याचा हात मोकळा असतो. चैत्र-वैशाखात मागायला गेलात तर त्याच्याच गोठ्यात टंचाई असते. पेंढीचं वजन गावोगाव वेगळं असतं. आधी दहा पेंढ्या काट्यावर टाकून सरासरी काढा आणि वहीत किलोनं नोंद करा. गंजी उंचवट्यावर, निवाऱ्यापासून अंतर ठेवून रचा. आग लागली तर निदान जनावरं वाचतील.

२. जमीन : कोणी एक एकर बागायत जमीन पाच वर्षांसाठी वापरायला दिली तर हिरव्या चाऱ्याची चिंता मिटते. वीस जनावरांना वर्षाला ५८ टनांच्या आसपास हिरवा चारा लागतो. पाणी आणि खत असेल तर 'फुले जयवंत'सारखं संकरित नेपियर गवत एकरी एवढं उत्पन्न देऊ शकतं. जमीन वापरायला घेताना लिहून घ्या. तोंडी शब्दावर कूपनलिका खणू नका.

३. श्रम : सुतार, गवंडी, वेल्डर यांचे दोन-दोन दिवस मागा. शाळेच्या मुलांनी झाडं लावावीत. ट्रॅक्टरवाल्यानं महिन्याला एक खेप द्यावी. हेही दानच. त्याचीही नोंद ठेवा आणि नाव फलकावर लिहा.

आता हिशेब पुन्हा बघा. कडबा वस्तुरूपानं आला, हिरवा चारा दान मिळालेल्या जमिनीत पिकला आणि त्या लागवडीला ४० हजार खर्च धरला, तर रोख लागतात सुमारे २ लाख ६६ हजार. महिन्याला २२ हजार. सव्वादोनशे घरांनी महिन्याला १०० रुपये दिले की गाडा चालतो. जे काम अशक्य वाटत होतं ते आवाक्यात आलं.

रोख दान कसं मिळवावं?

एकदाच पाच हजार देणाऱ्यापेक्षा दर महिन्याला शंभर देणारा निवाऱ्याला जास्त उपयोगी पडतो. म्हणून माणशी 'मासिक वर्गणीदार' नोंदवा. डेअरीवर दूध घालणाऱ्यांनी संमती लिहून दिली तर दुधाच्या बिलातून ठरावीक रक्कम वळती करता येते. एका जनावराचं वर्षाचं पालकत्व घेणारेही मिळतात.

मागणं काळवेळ बघून करावं. पोळा किंवा बेंदूर, वसुबारस, गावची यात्रा, लग्न, वर्षश्राद्ध अशा दिवशी माणसाचं मन देण्याकडे असतं. निवाऱ्यात क्यूआर फलक लावा, पण तो संस्थेच्या बँक खात्याचाच हवा. कोणा एकाच्या खासगी खात्यावर पैसे घेऊ नका, मग तो कितीही भला माणूस असो.

गावची पोरं आखाती देशांत, परदेशात असतात. भारतीय नागरिक असलेल्यानं आपल्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गानं पैसे पाठवले तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. ज्यानं परदेशाचं नागरिकत्व घेतलं आहे, त्याच्याकडून मात्र विदेशी देणगीच्या परवानगीशिवाय रुपयाही घेऊ नये.

शिळं अन्न आणू नका

लग्न झालं की उरलेला भात, बुंदी, पुऱ्या टोपल्या भरभरून निवाऱ्यात आणून ओततात. देणाऱ्याला पुण्य वाटतं, पण जनावराच्या जिवावर बेततं. धान्याचं शिजवलेलं अन्न एकदम पोटात गेलं की पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतं आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावू शकतं. पिशवीसकट टाकलेली भाजी तशीच घातक. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावा : 'शिजवलेलं अन्न नको. कडबा, पेंड किंवा खनिज मिश्रण द्या.'

कोवळी किंवा पाण्याअभावी सुकलेली हिरवी ज्वारीही कोणी आणून दिली तर घालू नका. तिच्यात विष असतं. उसाचं वाढं घालायला हरकत नाही, पण नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नका. त्यानं शरीरातला चुना कमी होतो. सोबत कडबा आणि खनिज मिश्रण हवंच.

आलेला पैसा कशावर खर्च करावा?

कमान आणि नावाची कोनशिला शेवटी. आधी पुढील क्रमानं कामं करा :

पाणी : उन्हाळ्यात मोठ्या जनावराला दिवसाला ५० लिटर पाणी धरा. वीस जनावरांना १,००० लिटर. हौद सावलीत बांधा आणि पंधरा दिवसांनी धुऊन आतून चुना लावा.

छप्पर : एका जनावराला साडेतीन चौरस मीटर छपराखाली आणि सात चौरस मीटर मोकळी जागा लागते. वीस जनावरांना छपराखाली साडेसातशे चौरस फूट आणि मोकळं अंगण दीड हजार चौरस फूट. छपराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की दुपारचं ऊन आत येत नाही. बाजूंना भिंती बांधून गोठा कोंदट करू नका.

जमीन आणि गव्हाण : जमीन खरबरीत असावी, मुताच्या नालीकडे थोडा उतार असावा. गव्हाणीला जनावरामागे किमान दीड ते दोन फूट जागा ठेवा, नाहीतर दांडगं जनावर खातं आणि दुबळं बघत राहतं.

कुट्टी यंत्र : अख्खा कडबा घातला की बुडख्यांचा भाग पायाखाली जातो. कुट्टी केली तर वाया जाणं खूप कमी होतं. दानाचा चारा तुडवला गेला तर तो दात्याचाही अपमान आहे.

वेगळा कप्पा : नवं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा. २०२२ मध्ये लम्पी रोगानं राज्यात काय केलं ते आपण पाहिलं आहे. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी, लाळ्या-खुरकूतची दर सहा महिन्यांनी, शिवाय जंतनाशक आणि गोचीड निर्मूलन वेळेवर करा. प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी टॅग असू द्या. अडीनडीला १९६२ क्रमांकावर फोन केला की फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते.

शेणातून उत्पन्न

एक जनावर दिवसाला १० किलो तरी शेण देतं. वीस जनावरांचं २०० किलो. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज ५० किलो लागतं. त्यात गड्याची चूल आणि दिवा भागतो. उरलेल्याचं खत केलं तर वर्षाला २५-३० टन चांगलं कुजलेलं खत हाती येतं. ते विका, किंवा 'कडबा द्या, खत न्या' असा करार करा. ज्यानं खत नेलं त्याला निवारा आपलाच वाटू लागतो.

कागदपत्रं आणि विश्वास

संस्था धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवा. नोंदणीआधी वर्गणी गोळा करायची असेल तर त्या कार्यालयाची रीतसर परवानगी घ्या. दात्याला आयकरात सूट हवी असेल तर संस्थेला आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते. जुन्या करपद्धतीनं विवरण भरणाऱ्यालाच ती सूट मिळते, आणि २,००० रुपयांवरची देणगी रोख दिली तर मिळत नाही, हे आधीच सांगा. नोंदणीकृत गोशाळांना देशी गाईसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारनं घेतला. त्याच्या अटी आहेत. जनावरांची किमान संख्या, कामाचा अनुभव, टॅग हे सगळं पाहतात. पंचायत समितीतल्या पशुधन अधिकाऱ्याला भेटून खात्री करा. अनुदान येईल या भरवशावर जनावरं मात्र वाढवू नका.

वह्या तीन ठेवा : पैशाची कीर्द, चाऱ्याची साठा वही, जनावरांची नोंदवही. पावतीशिवाय एक रुपया किंवा एक पेंढी घेऊ नका. दोघांच्या सहीशिवाय बँकेतून पैसे काढू नका. दर महिन्याला जमा-खर्च फळ्यावर लिहा आणि मेलेल्या जनावराची नोंदही लपवू नका. गावात कुजबुज सुरू झाली की वर्गणी पहिली थांबते. उघड्या फळ्यासमोर कुजबुज टिकत नाही.

नाही म्हणायला शिका

सगळ्यात अवघड हेच आहे. दारात आणून सोडलेलं जनावर परत पाठवताना जीव तुटतो. पण वीस जनावरांच्या चाऱ्यावर पस्तीस ठेवली तर पस्तीसच्या पस्तीस अर्धपोटी राहतात. गंजीत किती महिन्यांचा चारा आहे ते बघूनच नवं जनावर घ्या. तीन महिन्यांचा चारा आणि तीन महिन्यांचा रोख खर्च कायम शिल्लक असावा. जनावर सोडणाऱ्या मालकानं ऐपतीप्रमाणे वर्षाचा कडबा किंवा वर्गणी द्यावी असा ठराव ग्रामसभेत करा. ज्याची खरोखर ऐपत नाही त्याला माफी असावी, पण तीही समितीनं ठरवावी.

थोडक्यात

• आधी हिशेब, मग नारळ.
• कडबा सुगीत मागा, वजनानं नोंदवा.
• मोठ्या एका देणगीपेक्षा लहान मासिक वर्गणी बरी.
• पाणी, सावली, चारा आधी. कमान शेवटी.
• शिजवलेलं अन्न दारातूनच परत करा.
• पावती, दोन सह्या आणि उघडा फळा.
• चारा असेल तेवढीच जनावरं.

ज्या बैलानं पंधरा वर्षं आपलं रान नांगरलं त्याचं म्हातारपण एका घराला पेलत नाही. सव्वादोनशे घरांना ते जड नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि पहिला आकडा आपल्या घरचा मांडा.