जोर कुठून येतो?

मैत्रिणींनो, जात्यावर दळायची सवय आता कुणाला राहिलेली नाही. पण आजीला किंवा आजेसासूबाईंना दळताना पाहिलं असेल, तर जरा आठवून पाहा. खुंटा हातात असे, पण जातं नुसत्या हाताने फिरत नसे. कमरेपासून सारं अंग त्याच्याबरोबर डोलायचं. म्हणून तर किडकिडीत बाईसुद्धा पहाटे पायलीभर दळून उठायची. दंडाच्या जोरावर दळायला बसलेली नवी सून मात्र चार मुठी वैरणीतच दमायची.

चिनी युद्धकलेत जिला 'आंतरिक शक्ती' म्हणतात, तिचं मर्म याच्या अगदी जवळचं आहे. नाव ऐकून मंत्रतंत्र वाटेल, पण तसं काही नाही. चिनी भाषेत 'ली' म्हणजे स्नायूंचा साधा जोर आणि 'जिन' म्हणजे घोटून घोटून कमावलेला जोर. ताई ची शिकणाऱ्याला 'ली' बाजूला ठेवून 'जिन' कमवायचा असतो.

ही विद्या हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावातली. तिथे शिकलेल्या यांग लू-छान (१७९९–१८७२) यांनी ती बीजिंगला नेली आणि त्यांचे नातू यांग छंग-फू (१८८३–१९३६) यांनी संथ, सौम्य रूपात ती सर्वसामान्यांपर्यंत पोचवली. तुम्ही म्हणाल, हे सारं पुरुषांचंच! तसं नाही बरं का. सुन घराण्याची शैली सुरू करणारे सुन लू-थांग यांच्या कन्या सुन च्येन-युन यांनी वडिलांची विद्या पुढे शिकवली. त्या २००३ साली वारल्या. २०२० मध्ये युनेस्कोनेही ताई चीची मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात नोंद केली.

आता हा जोर येतो कसा, ते पाहू. आपण काही ढकलतो तेव्हा खरा आधार जमिनीचा असतो. तो आधार तळपायातून घोटा, गुडघा, कंबर, पाठ, खांदा अशा वाटेने तळहातापर्यंत पोचायला हवा. मधला एखादा सांधा वाकडा झाला किंवा आवळला, की जोर तिथेच अडतो आणि दुखायलाही तिथेच लागतं. कणीक तिंबून खांदे भरून येतात, ते बहुधा यामुळेच.

म्हणून पहिला धडा 'सुंग' होण्याचा, म्हणजे सैल होण्याचा. सैल म्हणजे गळाठलेलं नव्हे. दोरीवर वाळत घातलेली साडी कशी वरून धरलेली आणि खाली मोकळी सोडलेली असते, तसं अंग हवं. दुसरा धडा 'फंग'चा. हवा भरलेल्या चेंडूला दाबलं तर तो न चिडता परत ढकलतो, तशी हातापायांत भरीव गोलाई राखायची.

हे शिकण्याचा जुना मार्ग म्हणजे नुसतं खांबासारखं उभं राहणं. घरी करून पाहायला हरकत नाही. पावलं खांद्याइतकी लांब ठेवा. गुडघे किंचित वाकवा, पण ते आत वळू देऊ नका आणि चवड्यांच्या पुढेही नेऊ नका. माकडहाड खाली सोडा, डोक्यावर कळशी असल्यासारखी मान सरळ ठेवा. खांदे उतरवा आणि मोठा रांजण कवेत घ्यावा तसे हात छातीसमोर धरा. श्वास कोंडू नका. सुरुवातीला दोनच मिनिटं पुरेत. मग दर आठवड्याला एकेक मिनिट वाढवा. मांड्या थरथरल्या तर घाबरू नका, पण गुडघ्यात कळ आली किंवा चक्कर आली तर लगेच थांबा. रक्तदाबाचा किंवा सांध्यांचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

याचा उपयोग काय? १९९६ साली अमेरिकेत अटलांटा इथे सत्तरीच्या आणि त्यापुढच्या दोनशे माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पंधरा आठवडे ताई ची शिकलेल्या गटात वारंवार पडण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचं दिसलं. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, की म्हातारं माणूस आणि त्याचं करणारी बाई, दोघींचंही आयुष्य कसं बदलून जातं, हे वेगळं सांगायला नको.

मात्र एक सावधगिरी. हात न लावता माणूस उडवून दाखवतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. २०१७ मध्ये चीनमधल्या छंगदू शहरात स्वतःला ताई ची गुरू म्हणवणाऱ्या एकाला शू श्याओ-तुंग या लढवय्याने अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवलं होतं. तेव्हा कुठे शिकायला जाल, तर गुरू तुमचे गुडघे आणि कंबर पाहून चूक सुधारतो का, एवढं आधी बघा. चमत्काराच्या गोष्टीच जास्त सांगत असेल, तर तिथली फी वाचवा.

आणि उद्या भरलेली बादली उचलताना हाताने हिसका देऊ नका. बादलीच्या अगदी जवळ या, गुडघ्यात वाका, तळवे जमिनीला टेकलेत ना ते पाहा आणि मग पायांनी उठा. पाठीला पडलेला फरक तिथल्या तिथे कळेल.