पाठीवर एकही जखम नाही

अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्या बाईने घरात सांभाळलं आहे, तिला हे सांगायला नको. औषधं वेळेवर देता येतात, पेज भरवता येते, चादरी बदलता येतात. खरी परीक्षा असते ती पाठीची. दोन-चार दिवस हयगय झाली की माकडहाडाशी लाल चट्टा दिसतो, मग कातडी सोलते आणि एकदा जखम पडली की ती भरता भरत नाही. सासूबाईंचं किंवा आईचं ज्यांनी केलं आहे, त्यांना विचारा.

आता हे वाचा. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात एक बाई जवळजवळ ४२ वर्षं अंथरुणावर होती. तिचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं तेव्हा ३७ वर्षं होऊन गेली होती, आणि तिच्या पाठीवर एकही जखम नव्हती. निकालपत्रात न्यायमूर्तींनी या गोष्टीची आवर्जून नोंद घेतली.

ती बाई म्हणजे अरुणा शानभाग. नाव तुम्ही ऐकलं असेल. कर्नाटकातल्या हळदीपूरची मुलगी, के. ई. एम.मध्येच परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी ड्युटी संपवून कपडे बदलायला ती तळघरात गेली. तिथे रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. ती सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यानंतर ती धड बोलली नाही की चालली नाही. वय होतं पंचविशीचं, लग्न ठरलेलं.

तिची कथा बहुतेक वेळा इथेच थांबवून सांगतात, हळहळतात आणि सोडून देतात. मला सांगायचं आहे ते तिच्या खाटेभोवती उभ्या राहिलेल्या बायकांबद्दल.

घटनेनंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला. मागण्या दोन: अरुणाची नीट व्यवस्था व्हावी आणि कामावर असताना आम्हाला सुरक्षितता मिळावी. पुढे १९८० नंतरच्या काळात खाट मोकळी करण्यासाठी तिला दुसरीकडे हलवायचं महापालिकेच्या मनात आलं, तेव्हा परिचारिका पुन्हा आडव्या आल्या आणि तो बेत बारगळला. नेतृत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खुर्ची येते, मेट्रनबाईंचा टेबल येतो. इथे तर मेट्रन बदलल्या, अधिष्ठाते बदलले, जुन्या सिस्टर निवृत्त झाल्या. १९७३ साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुली शिकायला आल्या आणि चार नंबर वॉर्डच्या त्या खोलीत अरुणाची कूस बदलू लागल्या. दर वर्षी १ जूनला तिचा वाढदिवस होई. एका पाळीने दुसऱ्या पाळीच्या हातात माणूस सोपवायचं, आणि तेही चाळीस वर्षं! घरात दोन जावांमध्ये एका आठवड्याची पाळी नीट लागत नाही, हे आपण जाणतोच.

मग २००९ साली लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की या यातना पुरे, तिचं अन्न थांबवून तिला शांतपणे जाऊ द्यावं. परिचारिकांनी ठाम नकार दिला. ७ मार्च २०११ ला निकाल लागला. एरवी असा निर्णय आईवडील, नवरा, जवळचे नातेवाईक घेतात. ते नसतील तर कायदा रुग्णाचा ‘जिवलग’ कोण ते पाहतो. न्यायालयाने सांगितलं की अरुणाचं असं माणूस म्हणजे के. ई. एम.चे कर्मचारी, इतकी वर्षं रात्रंदिवस तिचं त्यांनीच केलं. अर्ज फेटाळला गेला. पण त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट देशात पहिल्यांदा खुली झाली, आणि पुढे २०१८ मध्ये, माझ्यावर कोणते उपचार करू नयेत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्कही मान्य झाला.

निकालाच्या दिवशी रुग्णालयात पेढे वाटले, केक कापला. खरं सांगू? मला ते वाचताना थोडं अवघडल्यासारखं झालं. अर्ज करणारी बाईसुद्धा मायेपोटीच आली होती, आणि खाटेवरच्या अरुणाला काय हवं होतं ते विचारायची सोय कुणालाच नव्हती. तरीही एक कबूल करायला हवं. जिने दर दोन तासांनी कूस बदलली, तिचा शब्द न्यायालयाने वजनदार मानला. अरुणा १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेली.

या प्रकरणाची दुसरी बाजू कागदाची आहे, आणि ती कडू आहे. आरोपीला शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न यांसाठी, सात वर्षं. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा नोंदलाच गेला नाही. मुलीची बेअब्रू नको म्हणून ती गोष्ट दडवली, असं नंतर सांगण्यात आलं. हेतू दयेचा असेलही, पण कागदावर नाही ते कोर्टात नाही! म्हणूनच परिचारिकेच्या शिक्षणात लिहिण्यावर एवढा भर असतो. किती वाजता कोणतं इंजेक्शन दिलं, रुग्ण काय म्हणाला, डॉक्टरांना किती वाजता कळवलं, हे सगळं त्याच वेळी आणि सहीनिशी. तोंडी हुकूम फक्त तातडीच्या वेळी. तोसुद्धा परत म्हणून दाखवायचा आणि नंतर डॉक्टरांची सही घ्यायची. औषधाचं प्रमाण चुकीचं वाटलं तर सिस्टरने विचारलंच पाहिजे. “डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं” एवढ्याने तिची सुटका होत नाही. नुकसान झालं तर रुग्णालय जबाबदार धरलं जातं, पण तिच्या स्वतःच्या हयगयीबद्दल तिलाही जाब द्यावा लागतो.

तेव्हा वॉर्डात सिस्टर सारखी लिहीत बसलेली दिसली, तर “काम सोडून लिहितेय काय” म्हणून नाक मुरडू नका. आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला काय झालंय हे तिने सांगितलं नाही, तर शिष्ट म्हणू नका. रुग्णाचं गुपित राखणं हा तिच्या व्यवसायाचा नियम आहे. रागाच्या भरात कर्मचाऱ्यांवर हात टाकणाऱ्या नातेवाइकांसाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे, हेही घरातल्या तापट मंडळींच्या कानावर घाला.

घरी माणूस ठेवायची वेळ आली, तर ब्यूरोतून आलेली प्रत्येक पांढऱ्या कपड्यातली बाई नर्स नसते. शिकलेल्या परिचारिकेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते; ते प्रमाणपत्र मागायला लाजू नका. नोंदणी नसलेली बाई अंग पुसेल, भरवेल, मायेने करेल. मात्र इंजेक्शन आणि सलाइन तिच्या हाती देऊ नका, तिने “येतं मला” म्हटलं तरी.

पाठीचं मात्र घरचं कुणीही शिकू शकतं. दर दोन तासांनी कूस बदला. चादरीला चुणी राहू देऊ नका, अंग ओलं ठेवू नका. ओढून सरकवण्याऐवजी दोघींनी मिळून चादरीसकट उचला. टाचा उशीवरून अधांतरी राहतील असं पाहा. लाल झालेली जागा स्पिरिट लावून चोळायची जुनी पद्धत आता सोडून द्या, त्याने आतली कातडी आणखी दुखावते. त्या जागेवरचा भार काढा आणि डॉक्टरांना दाखवा. उशाशी एक वही ठेवा. कूस किती वाजता बदलली, डावी की उजवी, काय खाल्लं, लघवी कधी झाली, ते जी करेल तिने लिहायचं. रात्री तीन वाजता उठलेल्या सुनेला मग नणंदेला उठवून विचारावं लागत नाही.